चाळिसावी नळी

३ नोव्हेंबर
मिरजोळ्यातल्या आमच्या फॅक्टरीत रक्ततपासणी. स्तनाचा कॅन्सर रक्तातल्या खुणांवरून लवकर ओळखता येतो का, याचा अभ्यास. कोळंबी सोलणाऱ्या चाळीस जणी हव्यात. सुपरवायझर मी, म्हणून जबाबदारी माझी. चाळीस म्हणजे चाळीस.

५ नोव्हेंबर
बायका भित्र्या. तासभर समजावलं, वेळेवर तपासलं की माणूस वाचतं. गुणवंती म्हणाली, भाऊ, मग तुमीच द्या की आदी, नुसती तोंडाची वाफ. सगळ्या हसल्या. शिस्त राहिलेली नाही.
अंघोळ करताना छातीवर डावीकडे चिंचोक्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नाही, म्हणजे काही नाही. क्रेट छातीशी धरून उचलायची जुनी सवय. उद्यापासून बंद.

८ नोव्हेंबर, दुपारी ४
एकोणचाळीस. एक पळाली. रक्त घेणारा दीपेश म्हणाला, असू दे काका. माझ्या हातून अपुरं काम होत नाही. फॉर्मवर बायकोचं, संध्याचं नाव लिहिलं, मोबाईल नंबर माझा, आणि बाही वर केली. दीपेश म्हणाला, आधी मिशी तरी काढा. घेतलं मात्र. चाळीस!

२ डिसेंबर
अभ्यास करणाऱ्या डॉक्टर शमिकांचा फोन. संध्याकाकूंना घेऊन या, रक्तात खुणा दिसल्यात. हे निदान नाही, पण लगेच तपासायला हवं. बरं म्हटलं. बायकांच्या मशीनमध्ये पुरुषाचं रक्त घातल्यावर दुसरं काय होणार?

६ डिसेंबर
पुन्हा फोन. संध्या माहेरी दाभोळला गेलीय म्हणून सांगितलं. ती समोर भाकरी थापत होती. खरं सांगितलं तर दीपेशची नोकरी जाईल. दुसऱ्यासाठी सोसावं लागतं.

१९ डिसेंबर
फोन. अजून दाभोळलाच, म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यासारख्या नवऱ्यांमुळे बायका मरतात. अपमान गिळला.
बनियनवर डावीकडे तांबूस डाग. संध्याने रंगीत कपड्यांत धुतलं असणार. तिला बोललो.

१ जानेवारी
संकल्प : हा विषय बंद. नंबर ब्लॉक केला. झोप छान लागते. उजव्या कुशीवर झोपलं की झालं.

१५ जानेवारी
मी कामावर असताना डॉक्टर आमच्या घरी गेल्या. संध्याला विचारलं, दाभोळहून कधी आलात? ती दोन वर्षांत दाभोळला गेलेली नाही. रक्तही दिलेलं नाही. तशीच रिक्षा करून फॅक्टरीत आली. सगळ्या बायकांसमोर विचारलं, माझ्या नावानं कोणाचं रगत दिलात? मी म्हटलं, आकडा पुरा करायचा होता. ती माझ्या शर्टाच्या डाव्या बाजूकडे बघत राहिली.

१६ जानेवारी
हॉस्पिटल. बाकावर मी एकटाच पुरुष. शेजारच्या बाईने विचारलं, बायकोला आत नेलंय? हो म्हटलं.
संध्या माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती.
आत डॉक्टरांनी गाठ तपासली. मग काखेत चाचपलं. तिथे जरा जास्तच वेळ. पुरुषांनाही होतो हा, म्हणाल्या. मी म्हटलं, मला कल्पना नव्हती. संध्याने विचारलं, तुमी पहिला फोन कधी केलेलात? डॉक्टर म्हणाल्या, दोन डिसेंबरला.
संध्या बोटांवर दिवस मोजायला लागली. चुकत होती. मीच सांगितलं, पंचेचाळीस.