चाकाचा तुंबा

बाबा, तुम्ही होतात तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. तुमच्या जावयांनी अक्षरं शिकवली ती तुम्ही गेल्यावर. नाहीतर तेव्हाच सासरहून लिहून विचारलं असतं, की मला सासरी धाडायची एवढी कसली घाई? मी शहाडला माहेरपणाला आले, की परतायच्या दोन दिवस आधीच तुम्ही गाडीची चाकं काढून वंगण घालायला बसायचात. त्या एरंडेलाचा वास आला की मी ताटावरून उठायची. आई म्हणायची, "अगं, एवढी लांबची वाट, गाडी बघायला नको का?" मी फुगूनच बसायची.

त्या माघात दीर मला न्यायला आलेले. तुम्ही उजवं चाक काढलंत आणि पुसता पुसता तुमचा हात थांबला. तुंबा, म्हणजे आरे ज्यात बसतात तो मधला ठोकळा, चिरा पडून चांगलाच उलला होता. दीर म्हणाले, "मग आगीनगाडीनं नेतो की. कल्याणला बसलो की ठाणं. फुडं घोडबंदरच्या वाटेला कुनाची तरी गाडी मिळंल." मुद्दाम कल्याणला जाऊन आगीनगाडी बघत उभे राहणारे तुम्ही, पण म्हणालात, "तिचा काय भरवसा, पाव्हणं? बैलाला वाट तरी दिसते. नवा तुंबा झाला का पोर येईल." दीर एकटेच परत गेले. तुम्ही काळ्या हातांनी चुलीपाशी आलात आणि आईला म्हणालात, "तांदूळ भिजत घाल. पोरीला घावनं आवडतात." मला काय आवडतं हे तुम्हाला ठाऊक असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मग दुखणी निघतच गेली. तुंबा बदलताना दोन आरे किडलेले निघाले, मग चाकावरची लोखंडी धाव ढिली निघाली. दुसरा कुणी वैतागला असता. तुमची मात्र कळी खुललेली. अजून दिसतं मला, लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवतो आहे, तुम्ही पाणी ओतता आहात आणि वाफेतून माझ्याकडे बघून हसता आहात. शेवटी चाक बसलं. तुम्ही दोनदा गाडीभोवती फिरलात, वाकून पाहिलंत, ठोकून पाहिलंत आणि "झाली की धड," असं पुटपुटत पडल्या चेहऱ्यानं ओट्यावर बसलात. तेव्हा मला कळलं, की ती घाई नव्हतीच. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तुम्ही नव्हतात.

उद्या माझी लेक सासरी परत जाते आहे. आज आमच्या गाडीला वंगण घातलं. मी पदर खोचून दोन्ही तुंब्यांवरून हात फिरवला, आरे हलवून पाहिले. कुठे साधी चीर नाही. घरातले म्हणाले, बरं झालं, गाडी ठणठणीत आहे. मला फार वाईट वाटलं, बाबा. हा कागद धाडायचा कुठे, म्हणून पेटीत ठेवते. आणि कुणाला सांगितलं नाही, पण चाकं काढायच्या आधीच मी तांदूळ भिजत घातले होते.