नाव न सांगता दिलेले बाक

६ एप्रिल, रविवार
गाडी विकायची — ठरलं! आज पाळकसाहेब धनाच्या मोहावर बोलले आणि बोलताना सारखे माझ्याकडेच पाहत होते. (बायको म्हणते, माझ्यामागच्या घड्याळाकडे.) आलेल्या पैशांतून चर्चला नवे बाक. जुन्यांच्या खिळ्यांनी निम्म्या मंडळीचे कपडे फाडलेत. पाळकांना बजावलंय, माझं नाव कुठेही नको. दान गुपचूप करावं, असं प्रभूनेच सांगितलंय. मन कसं हलकं झालं!

१२ एप्रिल
गाडी गेली. वळणापर्यंत बघत उभा होतो. डोळ्यांत धूळ गेली असावी.

१८ मे, रविवार
बाक आले! पाळक म्हणाले, "एका बंधूने दिलेत. नाव सांगायचं नाही." मी मान खाली घातली — नम्रपणे, पण दिसेल अशी. आणि अख्खी मंडळी वळून बघते तर कुणाकडे? भाऊजींकडे! माझ्या ताईचा नवरा. लाकडाची वखार ना त्यांची, मग बाक दुसरं कोण देणार! हा माणूस दानाची थैली जवळ आली की डोळे मिटून प्रार्थनेला लागतो. बाहेर लोक त्यांचा हात सोडेनात.
"अहो, मी नाही दिले!"
"बघा, किती नम्रपणा!"

२० मे
दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला शेजारच्या काकू आल्या. हळूच म्हणाल्या, "धंदा बसला का हो? गाडी विकलीत म्हणे." संध्याकाळी ताई भाऊजींचे जुने शर्ट घेऊन हजर. "घाल रे, आपल्या माणसांत कसली लाज!" बायको हसून हसून बेजार. शर्ट मला घट्ट होतात, ते वेगळंच.

१ जून, रविवार
भाऊजी आता नाहीसुद्धा म्हणत नाहीत. नुसते कसंनुसं हसतात! सुताराला निदान बाकाच्या खालच्या बाजूला तरी माझं नाव कोरायला सांगायला हवं होतं.
बस्स! पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे जो तो उठून आपला अनुभव सांगतो तेव्हा, उभा राहून सगळं सांगणार. खरं बोलणं हीसुद्धा प्रभूचीच आज्ञा आहे. बायको म्हणाली, "गाडी देऊन टाकलीत, आणि कौतुक तेवढं घरी ठेवायचंय?" तिला यातलं काही कळत नाही.

६ जून
ताई आली. रडत होती — आनंदाने! त्यांच्या घराचा वरचा मजला कित्येक वर्षं कुलूपबंद. भाव चढेल म्हणून भाऊजी तो विकतही नव्हते, कुणाला देतही नव्हते. आणि चर्चमागे आमचा राखणदार आजारी बायकोला घेऊन गळक्या पत्र्याखाली राहतो. ताई सांगून सांगून थकली होती. काल भाऊजींनी स्वतः कुलूप काढलं, जाळीजळमटं झाडली आणि किल्ली राखणदाराच्या हातात दिली. भाडं नाही, काही नाही.
ताईला म्हणाले, "अगं, जो तो माझा हात हातात घेतो. न केलेल्या कामाचा मान खातोय मी. रात्रभर डोळा लागत नाही. काहीतरी खरोखर दिल्याशिवाय आता त्या बाकावर बसवणार नाही मला."
दर रविवारी मी त्या पत्र्याच्या खोलीवरूनच जातो. एकदाही आत डोकावलो नाही. लाज वाटली. फार लाज वाटली.
तरी रविवारी बोलायचा मोह काही सुटत नाही!

८ जून, रविवार
साक्षीची वेळ झाली. माझ्याआधी भाऊजीच उठले. "बाक मी दिलेले नाहीत. ज्याने दिले त्याने आज उभं राहावं. मला सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची आहे."
बायकोने माझ्याकडे पाहिलं. सगळे माना वळवून इकडेतिकडे बघू लागले — कोण उठतंय म्हणून.
मीही मागे वळून बघू लागलो.