अमेरिकन मोटारीची वैरण

खुटबाव, चैत्र, १९७४

तीर्थस्वरूप दाजींस चांगदेवाचा दंडवत. आक्काचे गुडघे आणि आपली फियाट, दोन्ही चालती आहेत असं धरून लिहितो. इकडे मोटार सोडून सगळे धडधाकट.

दोन वर्षांपूर्वी गुळाला भाव आला आणि मला मोटार सुचली. (माझं संशोधन असं, की गुळाचा भाव चढला की माणूस लांब मोटार घेतो, पेट्रोलचा चढला की आखूड. आपण गुळाच्या तेजीतही आखूडच घेतलीत. ही दूरदृष्टी की चिक्कूपणा, आक्कालाच ठाऊक.) पुण्याच्या एका वकिलाची अमेरिकन मोटार मी बैल पारखावा तशी पारखली. खांदा बघितला, डोळे बघितले, पाठीवर थाप मारली, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा केला. वकिलांनी पहिल्याच बोटाला मान डोलावली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. वैरण किती खाते, एवढं विचारायचं राहिलं.

पुढं अरबांनी तेल आखडलं, पेट्रोल भडकलं आणि मोटार अंगणात बसली. पण ललिताच्या साखरपुड्याला पुण्याचे व्याही मोटारीतूनच आणणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. आणताना भांडगावला पेट्रोल संपलं. तिथल्या दगडोबानं आपली बैलजोडी मोटारीला जुंपली आणि हिला किती लागतं म्हणून विचारलं. मी सांगितलं. म्हणाला, "तेवढं खाऊन म्हस दूध तरी देती, पाव्हणं!" व्याही खुटबाव येईपर्यंत हसत होते. मी स्टिअरिंग धरून हॉर्न वाजवत होतो. अब्रू राखायला तेवढंच हातात होतं. दारात ललिता उभी होती. ती हसली नाही, तेच मला फार लागलं.

म्हणून पोरीची पाठवणी याच मोटारीतून थाटात करायची, असं ठरवलंय. आपली खिलारी जोडी शिंगं रंगवून, झुली घालून पाठवावी. मोटारीला बैल जुंपणं हा आमच्याकडचा खास मान आहे, असं व्याह्यांना कळवून टाकलंय.

आपला,
चांगदेव

ता. क. ललितानं पत्र वाचलं. म्हणते, "आप्पा, मी त्यात बसायची न्हाई. आक्काआत्याची फियाट आली तर जाईन, न्हाईतर चालत जाईन." तेव्हा फियाट आणावी. तिला मी खुराडं म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो.

पुन्हा ता. क. बैल तरीही पाठवावेत, आणि चार दिवस आधी. मोटार जिथं बसलीय, मांडव तिथंच घालायचाय.