फोन मोकळा ठेवा

१२ मार्च
आज व्यावसायिक फुटबॉल संघांच्या माणसांनी मोजमाप घेतलं. पंजा ताणून अंगठा ते करंगळी: साडेआठ इंच. निदान नऊ हवेत म्हणे. थंडीने हात आखडला होता. उद्यापासून रोज अर्धा तास बोटं ताणणार.

१९ मार्च
करंगळी सुजली. सुजेसकट मोजलं, पावणेनऊ. प्रगती आहे.

२ एप्रिल
कोच म्हणाले, एका संघाने आमच्या चारही वर्षांच्या सामन्यांचं चित्रण मागवलंय. सगळं! क्वार्टरबॅक मी, चेंडू फेकणारा मी. दुसरं कोणाला बघणार? कॉलेजच्या विक्रमांच्या पुस्तकात चेंडू फेकून मिळवलेले सर्वाधिक यार्ड माझेच. धाकट्या बहिणीने, कोरीनने पान उलटून दाखवलं: समोरच्या संघाच्या हातात सर्वाधिक चेंडू दिले तेही मीच. तिला खेळातलं काही कळत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
ड्राफ्ट सुरू. तीन दिवस, सात फेऱ्या. संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलणार, उचलण्याआधी फोन करणार. घरात वीस माणसं, आईचे कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, आणि बत्तीसही संघांच्या टोप्या. जो संघ घेईल त्याची घालायची, ऐनवेळी धावपळ नको.

फोन वाजला. उडी मारून उचलला. मार्था मावशी, आमच्याच स्वयंपाकघरातून. "लागतोय का ते बघत होते रे."

पहिली फेरी गेली.

२५ एप्रिल, शुक्रवार
दुसरी, तिसरीही गेली. बरंच झालं. वरच्या फेऱ्यांतली पोरं दडपणाने वाया जातात.

नवा नियम: उद्या माझा सोडून सगळ्यांचे फोन बंद करून बादलीत.

२६ एप्रिल, शनिवार, सकाळी ११
बादली भरली. ऑटो कुचेरानेही मुकाट्याने फोन टाकला. हा आमचा लायनमन. मला पाडायला येणाऱ्यांना चार वर्षं यानेच अंगावर घेतलं. म्हटलं, तुला येईल का रे फोन? "मला कोण विचारतंय," म्हणाला आणि चौथा कोलाचे उचलला.

दुपारी ३
चौथी, पाचवी गेली. आई माझ्याकडे बघत नाही. मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, आता पुढे.

४.१०
सहावी चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. आईने माझा दंड धरला.

"डॅरेन ह्रुस्का?"

"हो सर."

"कुचेरा आहे का तिथे? त्याचा फोन बंद लागतोय. फॉर्मवर दुसरा नंबर तुझा दिलाय. दोन मिनिटं आहेत, नाहीतर आम्ही दुसऱ्याला घेतो."

'इथे नाही' म्हणता आलं असतं. जिभेवर होतं. ऑटो बशी घेऊन माझ्याचकडे बघत होता, माझ्यासाठी खूश होऊन. त्याच्या हातात फोन दिला. तो "हो सर, हो सर" म्हणत रडायला लागला.

२७ एप्रिल, रविवार
सातवी फेरीही काल संपली. नाव नाही.

सकाळी ऑटो आला. ते चित्रण त्याच्यासाठीच मागवलं होतं. संघवाले काय म्हणाले, ते सांगेना. कोरीनने खोदून काढलं: फेकणारा चेंडू सोडायला एवढा वेळ लावतो, तरी चार वर्षं उभा राहिला, म्हणजे अडवणारा जबरदस्त असणार.

ऑटोच्या संघाची टोपी त्याच्या डोक्याला बसेना. मागचा पट्टा मीच कापून दिला. एकतीस उरल्या.

आज बोटं ताणली नाहीत.