मोसमाचा पहिला सोमवार

ब्लॅक ओक रिज, मिसूरी
रविवार, ६ मार्च २००५

प्रिय डेल्फी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तूही कॅन्सस सिटीत बरी असशील. हॉलिसचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो कबूल करत नाही. वासरं धडधाकट आहेत. चर्चचं छप्पर पुन्हा गळायला लागलं आहे आणि दुरुस्त कोणी करायचं यावर अजून चर्चाच चालू आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. टर्कीच्या शिकारीचा मोसम यंदा अठरा एप्रिलला, सोमवारी उघडतोय. नेहमीसारखी तू शनिवारीच येऊन थडकशील. तर यंदा येऊ नकोस, हे तुझ्या भल्यासाठी सांगते. रजा टाकशील, एवढ्या लांबून गाडी हाणत येशील आणि रानात टर्कीचं पीसही दिसायचं नाही. कायोटी कोल्ह्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. संध्याकाळ झाली की ओढ्यापलीकडून त्यांची कोल्हेकुई सुरू होते. परवा तर कुंपणापाशी पिसांचा सडा पडला होता. गेल्या वर्षी तू आणि हॉलिस ज्या ओकच्या झाडाला टेकून बसला होतात, त्याच्या अगदी जवळ.

फोनच करणार होते. पण तू फोनवर आहेस कळलं की हॉलिस धावत येऊन रिसीव्हर घेतो आणि मग तुमचं टर्कीपुराण तासभर चालतं. माझ्या वाट्याला शेवटी "ताईला विचारलं म्हणून सांग" एवढंच येतं. म्हणून लिहिते आहे.

काळजी घे.

तुझी,
नोला


ब्लॅक ओक रिज
सोमवार, २८ मार्च

प्रिय डेल्फी,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. "ताई, हॉलिस तर म्हणतो कळप रोज सकाळी शेताच्या कडेला चरतोय, नर पिसारे फुलवून मिरवताहेत. तुझ्या कायोटींना दात नाहीत का?" असं लिहिलंयस. लिहिताना कशी हसली असशील ते मला इथे बसून दिसतं.

बरं, कायोटींचं जरा वाढवून सांगितलं असेन. पण रकूनांचं काय? मेल्यांचे पंजे माणसाच्या हातांसारखे चालतात, एक घरटं सापडलं की अंडं शिल्लक ठेवत नाहीत. शिवाय रात्री अंडी चोरणारे पॉसम आहेत. काळे साप आहेत, ते तर अंडं सबंध गिळतात. आणि मोठं शिंगवालं घुबड फांदीवर झोपलेल्या मादीला झोपेतच उचलतं. एवढ्या सगळ्यांतून टर्की वाचायची कशी?

इथवर लिहिलं आणि वाचून पाहिलं. आता तू म्हणशील, मादी अंडी घालणार एप्रिल संपता संपता, मार्चमध्ये कुठली आली अंडी? आणि या वर्षीची अंडी गेली तर नर कमी दिसतील पुढच्या वर्षी नि त्याच्या पुढच्या वर्षी, यंदा नव्हे. ते मलाही कळतं गं. बाबांनी रानात नेलं तुला, पण जेवताना त्यांच्या गप्पा ऐकायला मीही टेबलापाशीच असायचे. "नोलाला नको, ती खोकते, पाखरं उडतील," म्हणायचे. तो खोकला एका हिवाळ्यापुरता होता. बाबा गेले तरी त्यांच्या लेखी तो बरा झालाच नाही.

काल ईस्टरच्या प्रार्थनेनंतर पास्टरची बायको, मिसेस क्रॅबट्री, सगळ्यांसमोर म्हणाली, "डेल्फी कधी येतेय गं? एप्रिल आला की तुझा नवरा दहा वर्षांनी तरुण दिसतो बाई."

मी म्हटलं, "तरुण कसला, दाढी केलेली असते."

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन हॅम कापताना सुरी जरा जास्तच जोरात चालली, तेव्हा हॉलिसने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सुरी बोथट आहे."

खरंच येऊ नकोस. रकून फार झालेत.

नोला


ब्लॅक ओक रिज
रविवार, १० एप्रिल

प्रिय डेल्फी,

"शनिवारी पोचते, रकूनांना निरोप दे," हे तुझं कार्ड मिळालं. आज ख्यालीखुशाली राहू दे.

रानात टर्की भरपूर आहेत. कुंपणापाशी पिसं पडली होती ती आपल्याच कोंबडीची. तू येऊ नयेस असं मला वाटतं, कारण मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहून टाकलं.

तुझा घटस्फोट झाला त्या वसंतात मीच हॉलिसला म्हटलं होतं, तिला रानात घेऊन जा, तेवढंच मन रमेल. तुझं मन रमलं. अकरा वर्षं रमतंय. मोसमाच्या पहिल्या सकाळी तुम्ही अंधारात निघता आणि दुपारी पाठीवर नर टाकून परत येता, चिखलाने भरलेले, एकमेकांची वाक्यं पुरी करत. मग आठवडाभर माझ्या टेबलावर तो नर कसा आला, कुठे अडला, डेल्फीने कशी हाक दिली, हेच चालतं. माझ्याशी तो दिवसातून जितकं बोलतो तितकं तुझ्याशी एका झाडाखाली कुजबुजतो. तुमच्यात काही वावगं आहे असं मला कधीच वाटलं नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

ख्रिसमसनंतर मी पेंडीच्या दुकानातून टर्कीला हाक देण्याची पाटी आणली, ती दगडी चकती आणि तिच्यावर घासायची काडी. हॉलिस घरात नसला की गोठ्यात बसून घासायचे. पहिले काही आठवडे नुसतं दार करकरल्यासारखं व्हायचं, गायी माझ्याकडे वळून वळून बघायच्या. मग एक दिवस नीट आवाज निघाला. गोठ्यात एकटी असूनही मला लाज वाटली, इतका आनंद झाला.

बुधवारी सकाळी हॉलिस ओढ्याकाठचं कुंपण बघायला गेला आणि मी उत्तरेच्या उतारावर गेले. झाडाला पाठ लावून बसले नि हाक दिली. कळपातल्या थोरल्या मादीने लगेच उत्तर दिलं. तुमची युक्ती मला तोंडपाठ आहे. माद्या जवळ असल्या की नर काही येत नाही, म्हणून मादीलाच डिवचायचं, मग ती भांडायला येते आणि नर तिच्यामागून येतो. ती जे बोलली तेच मी तिच्या तोंडावर फेकलं, वरच्या पट्टीत. ती चिडली. मी आणखी चिडवलं. डेल्फी, काय ते भांडण. माझ्या आयुष्यात एवढ्या मोकळेपणाने मी कुणाशी भांडले नाही.

ती आली. मान ताणून, बडबडत, कोण ती टवळी म्हणून शोधत. मागे नर होता, पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तिच्या उजवीकडे पानांत एक रानमांजर होतं, बॉबकॅट. माझी हाक ऐकून तेही आलेलं. एरवी माणसाची पापणी हलली तरी टर्की पळते. या बाईला हाताच्या अंतरावर दबा धरून बसलेलं मांजर दिसेना. तिला फक्त मी हवी होते. मांजराने झेप घेतली आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्याच्या पंजात शेपटीची चार पिसं राहिली, मादी उडाली, नर उडाला, मांजर झाडीत गडप झालं. तिच्या जागी मीच असते तर मलाही ते मांजर दिसलं नसतं, हे मला तिथे कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात खालून काटक्या मोडत कोणीतरी वर येताना ऐकलं. हॉलिस. दुखरा गुडघा घेऊन जवळजवळ पळत.

"डेल्फी? अगं आधीच आलीस होय? कळवायचं तरी!"

मग झाडामागून तो समोर आला. तो चेहरा मी पाहिला, डेल्फी. लग्न झालं तेव्हाचा. मग त्याने मला पाहिलं. चेहरा पडला असं म्हटलं तर अन्याय होईल. नुसता रोजचा झाला.

"तू?"

"मी."

"मग हाक कोण देत होतं?"

"रकून."

तो माझ्या हातातल्या पाटीकडे बघत खाली बसला. गुडघा चोळू लागला.

"मी कुंपणापासून ऐकत होतो. डेल्फीच वाटली. या डोंगरात असं दुसरं कोणी वाजवत नाही."

"आता वाजवतं."

"सांगायचं नाहीस मला?"

"विचारायचं नाहीस? अकरा एप्रिल गेले."

"मला वाटायचं तुला आवडत नाही. तू कधी आलीच नाहीस."

"मला कोणी बोलावलंच नाही."

त्याने माझ्या हातातून पाटी घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "पहिला दिवस कोणाचा मग? एका झाडाला तिघं टेकत नाहीत, आणि पहिल्या सकाळनंतर नर शहाणे होतात. डेल्फी तर येणार."

"मी तिला लिहिलंय, टर्की सगळ्या रकूनांनी खाल्ल्या."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "आता खरं लिही. मी नाही बाबा सांगणार तिला. तुम्हा बहिणींचं तुम्ही बघा." अवघड काम पुरुषांनी आपल्यावर ढकलायचं, ही रीत तुला माहीत आहे. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

तो वर पळत येतानाचा चेहरा तुझा आहे. त्याचं मला काही करता येत नाही, तो तूच ठेव. पण त्याला फरक कळला नाही, हे मी गेले चार दिवस मनात घोळवते आहे. तुझी हाक आणि माझी हाक. बाबांनाही कळला नसता.

तुला वाईट वाटेल, वाटू दे. अठरा तारखेच्या सोमवारी हॉलिसबरोबर रानात मी जाणार. उजाडताना तू तिकडे स्वयंपाकघरात बस. घड्याळ बघ. आता नर ओरडला असेल, आता ते हळू आवाजात काहीतरी बोलले असतील, असं वाटत राहील, कॉफी गार होईल. कसं वाटलं ते मला नंतर सांग. सगळं सांग, मला ऐकायचं आहे.

शनिवारी येऊ नकोस. मंगळवारी ये. तुझी खोली झाडून ठेवलेली असेल.

सोमवारभर कोणाचीही बहीण नसलेली,
मंगळवारपासून पुन्हा तुझीच,
नोला