ओके दाबण्यापूर्वी

३ मार्च
बायकोने पेनड्राइव्ह दिला. ती नर्स, बरे न होणाऱ्यांच्या वॉर्डात. पेशंटना दोनच प्रश्न विचारायची: दुखतं किती, आणि सांगायचंय काय. कागदांवर लिहून घेतलेली उत्तरं स्वतः टाइप केलीत. आपल्या आईंचंही आहे त्यात, बसून वाचा, म्हणाली. आणि अहो, आधी कॉपी काढा.
म्हटलं, मी आहे ना! आकडेवारीत केस पांढरे झालेत. उद्या दुपारी रिपोर्ट हातात.

४ मार्च
सॉफ्टवेअरने आकडे घेतले, पण मराठीचा पार चिवडा केला. शेजारच्या टेबलावरचा शंकासुर म्हणाला, एन्कोडिंग चुकलंय, अक्षरं भलत्याच पद्धतीने वाचली जातायत; फाइल आत घेताना यूटीएफ-८ निवडा, मराठी नीट दिसेल. याला कोणी विचारलं होतं?
कॉपी काढली नाही. दोन फाइली म्हणजे घोळाला आमंत्रण.

५ मार्च, संध्याकाळ
जमलं! फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. तिथे मराठी स्वच्छ दिसत होतं. वाचत बसलो नाही, काम आधी. साध्या प्रकारात, त्याच नावाने, पेनड्राइव्हवरच सेव्ह केली. मध्ये चौकट आली: काही अक्षरं कायमची जातील, चालेल? कॉम्प्युटरला घाबरवायची खोडच असते. ओके दाबलं.
इम्पोर्ट बिनबोभाट. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आलीत, ती उद्या काढू.

६ मार्च
यूटीएफ-८ लावलं. प्रश्नचिन्हंच. शंकासुर म्हणाला, आता काहीही लावा, बैल गेला आणि झोपा केला. नकारात्मक माणूस.

७ मार्च
बायकोला सांगितलं. आकडे शाबूत आहेत, हे आधी सांगितलं. तिने मूळ कागद मागितले. ते मीच रद्दीत घातले होते, पसारा मला चालत नाही. म्हटलं, पुन्हा विचार पेशंटना.
त्यातलं आता कोणी नाही, म्हणाली.

९ मार्च
बायको बहिणीकडे गेली. बहिणीला बरं नसणार.

१६ मार्च
फोन मेहुणीने घेतला. आवाज ठणठणीत. आईने काय सांगितलं होतं, एवढंच विचार म्हटलं. ती आत जाऊन आली. भाऊजी, ताई म्हणते, त्या खूप वेळ बोलत होत्या, तुमच्याबद्दलच. शब्द नाही आठवत. म्हणून तर लिहून ठेवले होते.

२० मार्च
रिपोर्ट पूर्ण. वेदनेची सरासरी, तक्ते, आलेख, सगळं चोख. घ्यायला घरात कोणी नाही.
आईची ओळ सगळ्यांत लांब आहे. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या जशाच्या तशा राहिल्यात. पहिला शब्द लहानसा. मला मारलेली हाकच असणार. खूप रडलो.
मग फाइलची कॉपी काढून ठेवली. दोन काढल्या.