नातेवाइकांनी बाहेर बसावे

जानेफळ, गुरुवार

ती. सौ. अन्नपूर्णाअक्का यांसी,

धाकट्या बहिणीचा नवरा कारभारी याचा दंडवत. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का? इकडे सर्व खुशाल, असं लिहिणार होतो, पण मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, पुष्पांजलीचं आहे. (फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र. आमच्या गोपालच्या लग्नात तुमच्या पंगतीपर्यंत जिलबी पोचली नाही, त्याला चार वर्षं झाली. चूक वाढप्याची होती.)

पुष्पांजलीच्या मनाच्या दुखण्यासाठी सहा वर्षं मी तिला महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दवाखान्यात नेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कापूस वेचणी अंगावर असतानाही गेलो. डॉक्टरांनी विचारायचं, मी सांगायचं, तिनं खुर्चीवर बसायचं, अशी आमची पद्धत. तर या मंगळवारी दारावर कागद चिकटवलेला: रुग्णाशी आधी बोलले जाईल, नातेवाइकांनी बाहेर बसावे. अक्का, मी नातेवाईक? बसलो बाकावर. आतून पाऊण तास बोलण्याचा आवाज येत होता, आणि तो हिचा होता. घरात 'जेवता का' याच्या पुढे न जाणारी बाई. मी हबकलोच.

मग मला आत बोलावलं. नव्या डॉक्टर सुचिता मॅडम जुना केसपेपर वाचत होत्या: पहाटे चारला जाग येते, शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणाचे विचार थांबत नाहीत, चहाची चव लागत नाही, व्याही डोळ्यांसमोर नको वाटतात. पुष्पांजली शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे माह्यं नाही. हे यांचं हाय." आता डॉक्टरांनी झोपेचं विचारलं की जी झोप ठाऊक, तीच माणूस सांगणार ना? (नवरा-बायकोची झोप काय वेगळी असते, असं मला वाटायचं.) हिची खरी तक्रार अशी की गोळीनं दहापर्यंत डोळा उघडत नाही आणि हात थरथरतात, भाकर थापता येत नाही. तो मी आळस समजत होतो. तसं चारचौघांत बोललोही होतो. ऐकून मले कसंतरीच झालं. मॅडमनी गोळी बदलून दिली.

एवढ्यावर भागलं नाही. पुढे दुखणं वाढलं तर काय करावं, काय करू नये, हे पेशंटनं बरं असतानाच लिहून ठेवायचं, असा कायदा आहे म्हणे. हिनं पहिलीच ओळ लिहिली: 'दवाखान्यात न्यायचं तर दवाखान्यात नेतो असंच सांगावं. खामगावला साडी घ्यायला चल म्हणू नये.' अक्का, ते मी म्हटलं होतं, सहा वर्षांपूर्वी. ती गजरा माळून गाडीत बसली आणि मी तिला भरती करून आलो. साडी राहूनच गेली. ती हे विसरली, असं मी धरून चाललो होतो.

खाली रकाना होता: तेव्हा माझ्या वतीनं कोणी बोलावं. मी खिशातून पेन काढून सहीला तयार. हिनं तुमचं नाव लिहिलं. सहा वर्षं नेणाऱ्याचं नाही, चार वर्षं फोन न उचलणाऱ्या बहिणीचं. मला राग आला, वाईटही वाटलं. परतीच्या एसटीत मी अबोला धरला. तिला कळलंसुद्धा नाही, ती खिडकीशी बसून गुणगुणत होती.

तर तुमची सही लागते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी यावं. जिलबी मी स्वतः वाढीन.

तुमचा,
कारभारी

ता. क. सोमवारीच या. खामगावला साडी घ्यायला जायचं आहे, खरोखर. मी म्हटलं तर ती गाडीत बसत नाही. अक्का असेल तर बसते म्हणाली.

ता. क. दुसरा. वर लिहायचं टाळलं, पण मॅडमनी त्याच दिवशी माझाही केसपेपर काढला. मजकूर तोच, नाव तेवढं बदललं. माझ्या वतीनं बोलायच्या रकान्यात मी पुष्पांजलीचं नाव टाकलं. तिनं सही केली आणि म्हणाली, "भेऊ नका. मी तुमाले सांगून नेईन."